दुर्लक्षित हॅमस्टर घरी आणला, पण तो रुळतच नाही: नेमकं कुठे अडतंय?

घरातल्यांचा उत्साह ओसरला आणि एका छोट्याशा पिंजऱ्यात महिनोन्‌महिने कुणी विचारलं नाही, असा हॅमस्टर तुम्ही घरी आणलाय. मोठा पिंजरा घेतला, तळाला भुसा-कागदाचं स्वच्छ बेडिंग भरलं, चांगलं खाणं दिलं. तरी आठवडे उलटले आणि तो घरट्याबाहेर यायचं नाव घेत नाही. किंवा येतो आणि रात्रभर गज चावत बसतो. हात आत गेला की पाठीवर पडून किंचाळतो, नाहीतर थेट चावतो. मग घरात बोलणं सुरू होतं की हा आधीच बिघडलाय, आता याचं काही होणार नाही.

ही तक्रार मी पुन्हा पुन्हा ऐकते. खोलात शिरलं की बहुतेक वेळा एकच गोष्ट हाती लागते. नव्या माणसाने मायेपोटी एकाच दिवशी सगळं बदललेलं असतं आणि त्यानंतरही तो बदलतच राहिलेला असतो. दोन दिवसांनी पूर्ण सफाई, चार दिवसांनी नवी मांडणी, रोज संध्याकाळी 'सवय व्हावी म्हणून' उचलणं. यातल्या प्रत्येक वेळी हॅमस्टर पुन्हा पहिल्या रात्रीवर जाऊन पोचतो.

असं का होतं हे समजून घेतलं तर पुढचं सगळं सोपं जातं. हॅमस्टरची नजर कमजोर असते. लांबचं धूसर दिसतं आणि उंचीचा अंदाज जवळजवळ येतच नाही, म्हणून तो टेबलाच्या कडेवरून सरळ पुढे चालत जातो आणि पडतो. त्याचा सगळा भरवसा नाकावर आणि कानांवर. गोल्डन म्हणजेच सीरियन हॅमस्टरच्या दोन्ही कुशींवर आणि ड्वार्फ म्हणजे लहान चणीच्या जातींच्या पोटावर गंधग्रंथी असतात. त्या घासून तो आपल्या वाटांना, भिंतींना, बिळाच्या तोंडाला स्वतःचा वास लावतो. एक कोपरा लघवीसाठी ठरवतो, एका जागी धान्याचा साठा करतो. एवढं जमलं की ती जागा त्याची झाली. तुम्ही तो वास धुऊन काढलात की जागा पुन्हा परकी झाली.

म्हणून माझं सांगणं एवढंच आहे: कमी बदला, एका वेळी एकच गोष्ट बदला, आणि निष्कर्ष काढायच्या आधी काही रात्री जाऊ द्या. याला एकच अपवाद आहे, आजारपण. त्याबद्दल आधी.

ज्या गोष्टी थांबत नाहीत

'त्याला शांत राहू दे' असं म्हणत आजार नजरेआड होता कामा नये. पहिल्याच संध्याकाळी, तो स्वतःहून जागा झाल्यावर, एक पारदर्शक डबा आडवा ठेवून त्याला आत चालत येऊ द्या आणि सगळ्या बाजूंनी नीट बघून घ्या. खालून पोट आणि शेपटीचा भागही दिसतो. डब्यासकट स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवून वजन लिहून ठेवा. प्रौढ गोल्डन साधारण 100 ते 150 ग्रॅम भरतो, काही माद्या त्याहून जड असतात. ड्वार्फ जातींपैकी कॅम्पबेल आणि विंटर व्हाइट 30 ते 50 ग्रॅम, रोबोरोव्स्की 20 ते 25 ग्रॅमच्या आसपास. पहिल्या आकड्यापेक्षा तो आकडा पुढे कुठे सरकतो हे जास्त बोलकं असतं, म्हणून आठवड्यातून एकदा वजन घ्याच.

शेपटीखालचा भाग ओला आणि चिकट आहे, घाण वास येतोय, पातळ हगवण आहे, अंग आक्रसून बसलाय, असं दिसलं तर त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्या. 'वेट टेल' म्हणून ओळखला जाणारा हा आतड्यांचा आजार मुख्यतः आईपासून नुकत्याच तोडलेल्या गोल्डन पिल्लांना होतो. जागा बदलण्याच्या ताणाने तो उफाळून येतो आणि एक-दोन दिवसांत जीव घेऊ शकतो. श्वास घेताना कट्‌कट्‌ किंवा घरघर आवाज, रिकामा न होणारा फुगलेला गाल, उघडत नसलेला डोळा, कुठेही रक्त किंवा गळू, यांनाही थांबायला वेळ नाही.

दात बघा. पटाशीचे दात आयुष्यभर वाढत राहतात, आणि पिवळा-नारिंगी हाच त्यांचा निरोगी रंग आहे. वर्षभर कुरतडायला काही मिळालं नसेल तर ते वळून टाळूला किंवा हिरडीला टोचू लागतात. असा हॅमस्टर खाण्यापाशी जातो, दाणा उचलतो आणि टाकून देतो. दात घरी नेलकटरने कापू नका. दात उभा चिरतो आणि दुखणं मुळापर्यंत जातं. नखं वळलेली असतील तर तीही पहिल्या भेटीतच पशुवैद्याकडून कापून घ्या.

केस गळून उघडी पडलेली, खवलेदार त्वचा दुर्लक्षित हॅमस्टरमध्ये नेहमी दिसते. बऱ्याचदा त्यामागे माइट्स असतात. हे सूक्ष्म किडे थोड्या संख्येने अंगावर असतातच, पण उपासमार, म्हातारपण आणि ताण यांनी प्रतिकारशक्ती खालावली की ते माजतात. गोल चट्टे असतील तर गजकर्ण असू शकतं आणि ते माणसालाही लागतं. कुत्र्या-मांजरांच्या पिसवांसाठी मिळणारे थेंब किंवा पावडर हॅमस्टरवर वापरू नका, एवढ्याशा देहाला ते विष ठरू शकतं. कुशीवरचे दोन काळसर, किंचित ओलसर ठिपके मात्र जखम नव्हेत. त्या मघाशी सांगितलेल्या गंधग्रंथी. त्यांना मलम लावायला जाऊ नका.

औषधांबद्दलची एक गोष्ट प्रत्येकाला माहीत असायलाच हवी. घरात उरलेलं माणसांचं अँटिबायोटिक हॅमस्टरला कधीही देऊ नका. पेनिसिलिन, अँपिसिलिन, अमॉक्सिसिलिन, लिंकोमायसिन ही औषधं तोंडावाटे गेली तर त्याच्या आतड्यांतले उपयोगी जिवाणू मरतात, घातक जिवाणू त्यांची जागा घेतात आणि हॅमस्टर काही दिवसांत दगावतो. म्हणूनच लहान प्राण्यांवर उपचार करण्याचा अनुभव असलेला पशुवैद्य आधीच शोधून ठेवा. रात्री अकरा वाजता शोधाशोध करायची वेळ यायला नको.

तो थंडगार आणि निपचित पडलेला सापडला तर लगेच गेला असं धरू नका. खोली फार गार पडली आणि खाणंही कमी असलं की हॅमस्टर खोल गुंगीत जातो, श्वास इतका मंद होतो की दिसतही नाही. ओंजळीत धरून किंवा उबदार खोलीत नेऊन त्याला हळूहळू ऊब द्या. हीटरसमोर धरू नका. हलू लागला की पाणी आणि थोडं खाणं पुढे ठेवा, आणि पशुवैद्याला दाखवा. एरवी खोलीचं तापमान 18 ते 24 अंश सेल्सिअस ठेवलेलं बरं. तिशीच्या वर उष्माघाताची भीती असते.

मादी असेल आणि आधीच्या घरी ती नरासोबत होती की नाही हे कळत नसेल, तर ती गाभण आहे असं धरूनच चाला. गोल्डनचा गर्भकाळ फक्त 16 दिवसांचा असतो, ड्वार्फचा तीन आठवड्यांच्या आतबाहेर. तेवढे दिवस गेले की कळेल. पिल्लं झालीच तर पहिले दोन आठवडे घरट्याला हात लावायचा नाही, सफाई करायची नाही, डोकावून मोजायचंही नाही. खाणं-पाणी ठेवा आणि बाजूला व्हा. बिथरलेली आई पिल्लं मारून खाते.

पहिले दिवस: काय द्यायचं आणि काय तसंच ठेवायचं

जुना पिंजरा कितीही घाण असला तरी तो रिकामा करताना घरट्यातलं दोन मुठी कोरडं बेडिंग बाजूला काढा आणि नव्या पिंजऱ्यात त्याच्या झोपायच्या जागी टाका. ज्या प्लास्टिकच्या घरकुलात तो झोपत होता ते रंग उडालेलं, चावलेलं असलं तरी एका कोपऱ्यात येऊ द्या. महिनाभराने नवं देता येईल. माइट्स किंवा गजकर्णाचा संशय असेल तरच जुनं सगळं टाकून द्या.

पिंजरा एकदम मोठा द्यावा की टप्प्याटप्प्याने, यावर लोकांची मतं वेगळी आहेत. इवल्याशा पिंजऱ्यातून आलेला हॅमस्टर मोकळ्या जागेत बावरतो हे खरं, पण माझ्या मते त्यावर छोटा पिंजरा हा उपाय नाही. त्याला पहिल्या दिवसापासून निदान 100 सेंटिमीटर लांब आणि 50 सेंटिमीटर रुंद तळ मिळू द्या, मात्र तो भरगच्च ठेवा. पुठ्ठ्याच्या नळ्या, उलटे ठेवलेले खोके, सुकं गवत, लाकडाचे ओंडके असे पसरा की एका आडोशातून दुसऱ्या आडोशात जाताना त्याला उघड्यावर फार चालावं लागू नये. बावरतो तो उघड्या मैदानाला. तेवढ्याच लांबीत आडोसे असले की पहिल्याच रात्री फिरताना दिसतो.

बेडिंगच्या खोलीबद्दल मी आग्रही आहे. आज घराघरांत दिसणारे बहुतेक सगळे गोल्डन हॅमस्टर 1930 साली सीरियातल्या अलेप्पोजवळ खणून काढलेल्या एका मादीचे आणि तिच्या पिल्लांचे वंशज आहेत. तिथल्या शेतांत त्यांचे भाईबंद आजही साधारण अर्धा ते एक मीटर खोल बिळं करून राहतात. बर्न विद्यापीठातल्या संशोधकांनी 2006 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात काही गोल्डन हॅमस्टर 10, काही 40 आणि काही 80 सेंटिमीटर बेडिंगवर ठेवले होते. 10 सेंटिमीटरवाले गज जास्त चावत होते आणि चाकावरही जास्त धावत होते. दुर्लक्षित हॅमस्टर बहुधा दोन-तीन सेंटिमीटर भुशावरून आलेला असतो, म्हणजे लपायला जमीनच नव्हती. निदान एका बाजूला 25-30 सेंटिमीटर भर द्या, जमलं तर त्याहून जास्त. कागदी बेडिंग किंवा ॲस्पेन लाकडाचा भुसा चालतो, मध्ये सुक्या गवताचे थर घातले की बीळ ढासळत नाही. देवदार आणि पाइनच्या सुगंधी भुशातली द्रव्यं श्वसनाला त्रास देतात, ती टाळा. 'हॅमस्टरची गादी' म्हणून मिळणारा कापसासारखा मऊ तंतूंचा गोळा तर अजिबात नको. त्याचे तंतू पायाला गुंडाळून रक्तप्रवाह थांबतो, गिळले गेले तर आतडी तुंबतात. घरट्यासाठी साध्या, बिनवासाच्या टिश्यू पेपरच्या पट्ट्या फाडून द्या, तो स्वतः गोळा करून नेतो.

जुनं चाक नीट बघा. धावताना पाठ वर वाकत असेल तर चाक लहान आहे आणि कण्यावर ताण येतोय. गोल्डनला 28 ते 30 सेंटिमीटर व्यासाचं, ड्वार्फला साधारण 20 सेंटिमीटरचं लागतं, आणि धावायचा पृष्ठभाग सलग हवा. जाळीत किंवा पट्ट्यांत पाय अडकून मोडतो. हा बदल लांबणीवर टाकायचा नाही.

अंगाला कितीही वास येत असला तरी पाण्याने आंघोळ घालू नका. गारठून आजारी पडतो आणि अंगावरचा ओळखीचा वास जातो, त्याने आणखी घाबरतो. एका पसरट भांड्यात बारीक, कोरडी, बिनधुळीची वाळू ठेवा, तो लोळून स्वतःला साफ करतो. वाळूऐवजी पिठासारखी बारीक पूड नको, ती फुप्फुसांत जाते. चिकटलेली घाण तेवढ्याच जागी ओल्या कापसाने पुसा.

पाण्याची बाटली आली असेल तर तिचा गोळा बोटाने दाबून बघा. दुर्लक्षित पिंजऱ्यातल्या बाटल्या बऱ्याचदा तुंबलेल्या असतात आणि बाहेरून भरलेल्या दिसतात. सुरुवातीला बाटली आणि उथळ वाटी दोन्ही ठेवा, त्याला कशाची सवय आहे ते दोन दिवसांत कळतं.

खाणं एकदम बदलू नका. आधीचं खाणं वाईट असलं, नुसत्या सूर्यफुलाच्या बिया असल्या तरी त्यातच नवं मिश्रण रोज थोडं थोडं वाढवत दहा-बारा दिवसांनी पूर्ण बदल करा. हिरवा पाला पहिल्या आठवड्यात टाळा, सवय नसलेल्या पोटाला हगवण लागते. गोल्डनला दिवसाला साधारण 10 ग्रॅम कोरडं खाणं पुरतं. वाटी पाच मिनिटांत रिकामी होते ती तो खातो म्हणून नव्हे, गालांच्या पिशव्यांत भरून साठ्यात नेतो म्हणून. वाटी रिकामी दिसली की पुन्हा भरत राहिलात तर महिन्याभरात जाडजूड, चरबीने थकलेला प्राणी हाती येईल. पण तो साठा फेकू नका. ज्याने उपास काढलेत त्याच्यासाठी तो साठा म्हणजे धीर आहे. ओलं, बुरशी धरलेलं तेवढं काढा. ड्वार्फ हॅमस्टरना मधुमेहाची शक्यता जास्त, त्यांना गोड फळं देऊच नका म्हटलं तरी चालेल.

तो बाहेरच येत नाही

आधी हे पक्कं करा की तो खरंच येत नाही, की तुम्ही झोपल्यावर येतो. रात्री वाळूचं भांडं हाताने सपाट करा, दारापाशी दहा दाणे मोजून ठेवा. सकाळी वाळूत पावलं उमटलेली असतील आणि दाणे गेलेले असतील तर काहीच बिघडलेलं नाही. तो जगतोय, फक्त तुमच्या नजरेसमोर नाही. असा हॅमस्टर काही आठवड्यांत हळूहळू लवकर बाहेर पडू लागतो.

वाळू सपाटच राहिली, दाणे तसेच आहेत, आणि चोवीस तास उलटलेत, तेव्हाच घरटं हलक्या हाताने वरून उघडून बघा. एरवी झोपलेल्याला उकरून काढून 'ठीक आहे ना' पाहणं हा सगळ्यात महाग पडणारा काळजीचा प्रकार आहे. एकदा बीळ उघडलं गेलं की तो ती जागा सोडतो आणि नवी शोधतो, तेही भीत भीत.

तो बाहेर आला तरी लगेच दडतो असं असेल तर पिंजऱ्याची जागा तपासा. रात्री उशिरापर्यंत दिवा लागतो का? त्याला दिवस आणि रात्र ठरावीक वेळी हवी असते. पिंजरा फ्रिजवर किंवा स्पीकरजवळ आहे का? जमिनीतून आलेली थरथर त्याला संकटाची खूण वाटते. शिवाय हॅमस्टरला आपल्या कानांपलीकडचे अतिउच्च आवाज ऐकू येतात, चार्जर आणि स्क्रीन यांच्यापासून पिंजरा दूर असावा. घरात मांजर किंवा कुत्रा असेल आणि तो त्या खोलीत नुसता येऊन बसत असेल, तर वासानेच हॅमस्टरचा जीव मुठीत येतो. दार बंद ठेवता येईल अशी खोली निवडा. जागा बदलायची तर एकदाच बदला.

हात दिसला की चावतो

वरून येणारी मोठी सावली म्हणजे शिकारी पक्षी, हे हॅमस्टरच्या रक्तात आहे. त्यात ज्याला आजवर फक्त पकडण्यासाठीच हात आले, त्याने हाताला चावणं हे शहाणपणाचंच वागणं आहे. त्याला त्यातून एकदा तरी सुटका मिळालेली असते. आपल्याला त्याला हे दाखवायचंय की या घरातला हात पकडत नाही, आणि हे दाखवायला वेळ लागतो.

पहिला आठवडाभर फक्त आवाज. रोज संध्याकाळी ठरलेल्या वेळी पिंजऱ्याजवळ बसा, हळू आवाजात बोला, वाचा, खाणं ठेवताना एकच शब्द नेहमी उच्चारा. एक टिश्यू पेपर दिवसभर खिशात ठेवून त्याच्या पट्ट्या घरट्याजवळ टाका. त्या त्याने ओढून नेल्या म्हणजे तुमचा वास आता त्याच्या अंथरुणात आहे. मग हात, तोही घरट्यापासून लांब, तळाशी टेकवलेला, न हलणारा. हात आधी बिनवासाच्या साबणाने धुवा. बोटांना खाण्याचा वास असेल तर तो चव घ्यायला चावतो, दुसऱ्या प्राण्याचा वास असेल तर लढायला. तो येऊन हुंगेल, पळेल, पुन्हा येईल. तुम्ही फक्त हलायचं नाही.

बोटांच्या टोकाशी भोपळ्याची एखादी बी ठेवा. ती घेतो म्हटल्यावर पुढच्या वेळी तळव्याच्या मध्यावर, मग मनगटापाशी, म्हणजे बी घ्यायला त्याला हातावर चढावं लागेल. चढला म्हणून लगेच उचलू नका, बऱ्याच जणांचा घात इथेच होतो. चढणं-उतरणं त्याच्या मर्जीने चालतंय हे त्याला अनेक रात्री कळू द्या. दरम्यान त्याला बाहेर काढायची गरज पडली तर मोठा कप किंवा रुंद नळी पुढे ठेवा, तो आत शिरला की तळहाताने तोंड झाकून उचला. जाड हातमोजे घालून पकडणं मला अजिबात पसंत नाही. तुम्हाला चावा लागत नाही म्हणून तुम्ही घाई करता आणि त्याच्यासाठी पकड तीच राहते.

यानंतर चार भिंतींच्या आडोशात, रिकाम्या कोरड्या टबमध्ये किंवा कुंपण घातलेल्या जमिनीच्या तुकड्यावर त्याच्यासोबत बसा. खाली जुना टॉवेल, दोन नळ्या, थोडे दाणे. तुम्ही बसून राहा आणि त्याला तुमच्या पायांवरून जाऊ द्या. बुजरे हॅमस्टर पिंजऱ्यापेक्षा इथे लवकर माणसाळतात, कारण इथे राखायला बीळ नसतं.

केव्हा पुढे जायचं आणि केव्हा थांबायचं हे त्याचं अंग सांगतं. सावकाश, डोक्यापासून शेपटीपर्यंत साफसफाई, लांब आळस, जांभई, म्हणजे तो निवांत आहे. मध्येच थांबून घाईघाईत तोंड पुसणं, कान मागे पाडणं, जमिनीला चिकटून गोठल्यासारखं होणं, दात वाजवणं, म्हणजे आजचं पुरे. नुकता उठलेल्या हॅमस्टरचे कानही दुमडलेले असतात, त्याला पूर्ण जागा होऊ द्या. गोठलेल्या हॅमस्टरला 'बघा किती शांत बसलाय' म्हणून कुरवाळलं जातं आणि दुसऱ्या दिवशी तो चावतो. तो शांत बसलेला नव्हता, घाबरलेला होता.

चावलाच तर हात झटकू नका, तो उडून पडेल. तोंडावर फुंकरही मारू नका. हात जमिनीला टेकवा, सोडेपर्यंत थांबा, जखम साबण-पाण्याने धुवा, खोल असेल तर डॉक्टरांना दाखवा. घरात गर्भवती स्त्री किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेली व्यक्ती असेल तर पिंजऱ्याची कामं दुसऱ्या कुणी करावीत. हॅमस्टर आणि उंदरांमधून पसरू शकणारा एलसीएमव्ही हा विषाणू गर्भाला गंभीर इजा करतो. लहान मुलांनी उभं राहून हॅमस्टर धरू नये, त्यांनी जमिनीवर बसावं आणि शेजारी मोठं माणूस असावं.

माणसाळलेला हॅमस्टर अचानक चावायला लागला तर ते वेगळं प्रकरण. तिथे दुखणं शोधा: दात, गाल, गाठ. मादीच्या बाबतीत दर चार दिवसांनी पांढरट चिकट स्राव होणं नैसर्गिक आहे, पण रक्त किंवा सतत पू दिसला तर गर्भाशयाचा संसर्ग असू शकतो.

रात्रभर गज चावतो, कोपऱ्यात उड्या मारतो

जागा, बेडिंगची खोली आणि चाक यांच्याबद्दल वर सांगितलं ते सगळं आधी जुळवा. मग वाटीतलं खाणं वाटीत ठेवणं बंद करा आणि पूर्ण पिंजऱ्यात उधळा, थोडं बेडिंगखाली पुरा, थोडं पुठ्ठ्याच्या नळीत दोन्ही टोकं दुमडून ठेवा. निसर्गात त्याला अन्न शोधत फिरावं लागतं, वाटीसमोर हे काम दोन मिनिटांत संपतं आणि उरलेले तास गजांना मिळतात.

तुम्ही काय करता याकडेही लक्ष द्या. तो गज चावतो म्हणून दार उघडलं किंवा खाऊ दिला, तर चावलं की दार उघडतं हे तो दोन रात्रींत शिकतो. बाहेर काढा, पण तो शांत असताना. काचेच्या किंवा ॲक्रिलिकच्या टाकीत ठेवलं की चावायला गज उरत नाहीत आणि नाकावरचे घासून गेलेले केस परत येतात, ही चांगलीच गोष्ट आहे, पण मूळ कारण तसंच असेल तर तो कोपरा खणत बसेल. झाकण जाळीचं आणि हवेशीर असावं.

इथे एक गोष्ट आधीच माहीत असलेली बरी. वर्षभर अरुंद जागेत राहिलेल्या हॅमस्टरची ही हालचाल कधी कधी मेंदूत इतकी रुजलेली असते की उत्तम पिंजऱ्यातही ती पूर्ण जात नाही. ती कमी होते, ठरावीक वेळेपुरती उरते. तेवढ्यासाठी दर आठवड्याला पिंजऱ्याची उलथापालथ करू नका. एक बदल करा, दोन आठवडे बघा, रोज साधारण किती वेळ चावतो ते लिहा.

सफाई

लघवीचा कोपरा एक-दोन दिवसांनी. वाळू चाळून परत वापरा. बाकी बेडिंग खोल असेल तर महिना-दीड महिन्याने, तेही एक तृतीयांशच. घरटं आणि पिंजरा एकाच दिवशी साफ करायचा नाही. वासाची जंतुनाशकं नकोत, गरम पाणी किंवा पातळ केलेला व्हिनेगर पुरतो.

सोबतीला दुसरा आणू का?

एकटा बिचारा कंटाळत असेल म्हणून हा विचार येतो. गोल्डन असेल तर उत्तर नाही असंच आहे. अलेप्पोच्या शेतांतही एका बिळात एकच प्रौढ हॅमस्टर सापडतो. सहा ते आठ आठवड्यांचे झाल्यावर हे एकमेकांना सहन करत नाहीत आणि भांडण बऱ्याचदा एकाच्या मरणाने संपतं. आधीच्या घरातून दोन गोल्डन एकत्र आले असतील, नुसते एकमेकांना बिलगून झोपत असले तरी, त्याच दिवशी वेगळे करा. लहान पिंजऱ्यात बिलगून झोपणं म्हणजे दुसरी जागा नसणं.

ड्वार्फ जोडी एकत्र आली असेल, दोघं एकाच लिंगाचे असतील आणि अंगावर चावल्याच्या खुणा नसतील, तर एकत्र ठेवता येतात, पण चाक, पाणी, घरकुल, खाणं सगळं दोन दोन द्या आणि दुसरा पिंजरा तयार ठेवा. हलकी झटापट, चीं-चीं चालेल. एक दुसऱ्याला घरट्यात येऊ देत नाही, सतत पाठलाग करतो, एकाचं वजन उतरतंय, किंवा रक्ताचा एक थेंब जरी दिसला, तर वेगळे करा, आणि पुन्हा एकत्र करायचा प्रयत्न करू नका.